दहापैकी दहा

मंडळी, बर्‍याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मध्यंतरी डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता अक्षरं स्वच्छ दिसतात, त्यामुळे न लिहिण्याची सबब उरली नाही.

विषय जरा विचित्र आहे. जन्मभर मराठी शिकवलेल्या मास्तराने ॲक्शन कॅमेर्‍यावर लिहायचं म्हणजे... पण लिहितो. नातेवाइकांपैकी जे वाचतील त्यांना एक विनंती, शेवटपर्यंत वाचल्याशिवाय आमच्याकडे फोन करू नये.

आमचे चिरंजीव ऑकलंडला असतात हे तुम्हाला माहीतच आहे. तिथे त्याला कयाकमधून मासे धरायचा नाद लागला. कयाक म्हणजे प्लॅस्टिकची लांबट, अरुंद, एका माणसाची होडी. आत नव्हे, वर बसायचं, आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारत जायचं. शनिवारी पहाटे हा टाकापुनाच्या किनार्‍यावरून ती लोटतो आणि रंगितोतो बेटाच्या बाजूला जातो. ते बेट म्हणजे साधारण सहाशे वर्षांपूर्वी समुद्रातून वर आलेला ज्वालामुखी. मिळतो तो मुख्यतः स्नॅपर. रंगाने गुलाबी-तांबूस, म्हणून मला वाटलं आपल्या तांबोशीचाच भाऊ. पण तो निघाला वेगळ्याच घराण्यातला. तीस सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर परत पाण्यात सोडायचा, आणि तिथल्या समुद्रात माणशी दिवसाला सातच ठेवायचे, असा कायदा. मोजपट्टी कयाकवरच असते. मला हे फार आवडलं.

मी देवगड तालुक्यातला. लहानपणी खाडीवर गरी टाकून तासन्‌तास बसलो आहे. त्यामुळे मला त्याच्या नादाचं कौतुकच. आमची ही मात्र कराडची. तिला नदी माहीत, आणि समुद्र म्हणजे नुसता गिळणारा. शिवाय मुलगा चाळिशीचा झाला तरी तिच्या लेखी तो बाळदम्याचाच. २०२३ च्या डिसेंबरात आम्ही तिकडे गेलो, तेव्हा पहिल्याच शनिवारी ती दारात उभी राहून त्याला म्हणाली, "तू जातोस कुठे, ते मला एकदा बघायचंय."

हिला कयाकमध्ये बसवणं शक्य नव्हतं. म्हणून मी जाहीर केलं की त्याला कॅमेरा मी घेऊन देणार, माझ्या पेन्शनमधून.

या कॅमेर्‍यांचा इतिहास मी वाचून काढला. (सवय जात नाही.) निक वुडमन नावाच्या लाटांवर खेळणार्‍या तरुणाने २००२ साली गोप्रो ही कंपनी काढली, आणि २००४ मध्ये आलेला त्यांचा पहिला कॅमेरा मनगटाला बांधायचा, चक्क रिळाचा होता! आता अशा कॅमेर्‍यांच्या बर्‍याच कंपन्या आहेत. आम्ही कुठला घेतला ते सांगत नाही.

दुकानात जाण्याआधी मी फुलस्केप कागदावर तक्ता आखला. उभ्या रकान्यात कॅमेरे, आडव्यात गुण, प्रत्येकाला दहापैकी मार्क. सूनबाई हसली, पण तक्त्याचा उपयोग झाला. मला वाटलं होतं की किती खोल पाण्यात चालतो हे सर्वांत महत्त्वाचं. एक दहा मीटरवाला, दुसरा अठरा मीटरवाला. चिरंजीव म्हणाले, "बाबा, तो पडला तर खोली मोजायला कोण जाणार? तो तरंगत नाही." खरंच की! म्हणजे खोलीपेक्षा त्याला बांधायची दोरी आणि मागे लावायचा नारिंगी तरंगता तुकडा महत्त्वाचा. दोरी आखूडच हवी, नाहीतर कयाक उलटली तर तीच पायात गुंतायची. खोलीचा रकाना खोडला.

मग बॅटरी. पूर्ण भरलेली बॅटरी सलग चित्रीकरणात दीड तासाच्या आसपास जाते, आणि हा समुद्रावर असतो चार तास. तेव्हा सगळं टिपणं बाद. पण काही कॅमेर्‍यांत एक युक्ती असते. कॅमेरा जागा राहतो, आणि आपण बटण दाबलं की त्याआधीची अर्धी मिनिटभराची घटनाही जपून ठेवतो. मासा लागल्यावर बटण दाबलं तरी गळाला पहिला झटका बसला तो क्षण सापडतो. हे वर्गात असतं तर किती पोरं पकडली असती! याला मी नऊ दिले.

दहापैकी दहा मात्र एकाच गुणाला दिले, चित्र स्थिर ठेवण्याच्या. कयाक कितीही डुलली तरी क्षितिज सरळच दिसतं. दुकानातल्या मुलाने कॅमेरा हातात धरून गदागदा हलवला, आणि पडद्यावर समोरचं दुकान आपलं निवांत उभं. मी तिथल्या तिथे पैसे काढले. सहाशे न्यूझीलंड डॉलरच्या आसपास गेले.

खरी परीक्षा पुढेच. पहिल्या शनिवारी कॅमेरा छातीवर बांधला. बसलेल्या माणसाच्या छातीवरून काय दिसणार? लाइफ जॅकेटचा खिसा आणि दोन गुडघे. दुसर्‍या शनिवारी टोपीवर. हा मान वळवेल तसं जग गरागरा फिरलं, आणि हिला सोफ्यावर बसल्या बसल्या घेरी आली. तिसर्‍यांदा कयाकच्या टोकाला, तोंड त्याच्याकडे करून. चेहरा छान दिसला, पण काचेवर खार्‍या पाण्याचा एक थेंब असा बसला की मुलाला नाकच नाही. त्यावर कयाकवाल्या मंडळींचा उपाय असा की काच जिभेने चाटायची! लाळेने पाणी थेंब न धरता पसरतं म्हणे. खरंच पसरतं, मी नळाखाली करून पाहिलं. शेवटी पाठीमागे डाव्या खांद्याजवळ एक आखूड दांडी लावली आणि तिथे कॅमेरा बसवला. हा उजव्या बाजूने गळ फेकतो, म्हणून डावी. समोरचं पाणी, हात, मासा, सगळं त्यात येतं. घरी आल्यावर कॅमेरा गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचं काम माझ्याकडे. मिठाचा एक कण दाराच्या रबराखाली राहिला तरी पुढच्या वेळी पाणी आत जाऊ शकतं.

चिरंजीव क्लिप कापून, मागे गिटारचं संगीत घालून दाखवायचे. ही दर वेळी म्हणायची, "गाण्याशिवायचं लाव." मला वाटायचं, गिटार आवडत नसेल.

एकूण काम झालं होतं. ती शांत झाली. पाणी कसं, तर तलावासारखं. "एवढाच आहे होय तुझा समुद्र," म्हणाली एकदा.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी ही नातवाजवळ घरी थांबली आणि मी एकटाच टाकापुनाला जाऊन वाळूत बसलो. हा दहाला परतणार होता, वाजले साडेअकरा. निघताना आणि परतल्यावर हा रेडिओवरून तिथल्या कोस्टगार्डला कळवतो, हे मला माहीत होतं, पण माहीत असून पोटातलं काही हललं नाही. ईशान्येचा वारा सुटला होता. मग पिवळी कयाक दिसली. दिसली आणि नाहीशी झाली. लाटेमागे ती गेली की फक्त काठीवरचं निशाण उरायचं, कधी तेही नाही. मी मनात आकडे मोजू लागलो. एक, दोन, तीन, चार... दिसली. पुन्हा एक, दोन, तीन. वर्गात मुलांना ओळीत मोजताना माझा आवाज कधी असा कापला नव्हता. आला तो. ओला, दमलेला, हसत. मी काही बोललो नाही, कयाक ओढायला हात लावला.

रात्री तीच वेळ पडद्यावर पाहिली. तलाव! फार तर कयाकचं टोक पाळण्यासारखं डुलत होतं. मी त्याला विचारलं तर म्हणाला, "बाबा, ही भिंग फार रुंद बघतात. लांबचं आणखी लांब जातं, लाटा चपट्या होतात. आणि क्षितिज तर आपण सरळ करूनच घेतलंय."

म्हणजे ज्याला मी दहापैकी दहा दिले, त्यानेच हिच्यापासून समुद्र लपवला होता. ते क्षितिज सरळ करणं बंद करता येतं, एक बटण आहे. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ही आत पोळ्या करत होती. बंद केलं नाही.

मार्चमध्ये परत आलो. तेव्हापासून क्लिप फोनवर येतात, आणि मी दर वेळी चोरासारखा बघतो. हिला फसवल्याचं ओझं मला सोसत नाही, हे लग्नाला पन्नासच्या जवळपास वर्षं झालेल्या कुणालाही कळेल. परवा ऑपरेशननंतर ही डोळ्यात थेंब घालत होती, तेव्हा सांगून टाकलं. लाटा, निशाण, मोजलेले आकडे, बंद न केलेलं बटण, सगळं.

तिने बाटलीचं झाकण लावलं. म्हणाली, "अहो, मी चित्र कुठे बघते? तो कॅमेरा त्याच्या कानाशी आहे. मी श्वास ऐकते. त्या फेब्रुवारीतल्या दिवशी तो दोन वल्ह्यांमध्ये दोनदा श्वास घेत होता. पण छातीत वाजत नव्हतं. वाजलं असतं तर मी तेव्हाच सांगितलं असतं, जाऊ नको म्हणून."

त्याच्या वयाच्या सातव्या वर्षापर्यंत रात्र रात्र ती त्याच्या छातीला कान लावून बसायची. मी शेजारच्या खोलीत पेपर तपासत असायचो.

या शनिवारची क्लिप आली आहे. बेचाळीस सेंटिमीटरचा स्नॅपर आहे म्हणतात. मी चष्मा शोधतोय, आणि ही म्हणतेय, आधी आवाज वाढवा.