उभ्या गाडीचं तेल



आमच्या दिंडीचा सामानाचा टेम्पो वडील चालवायचे. राहुट्या, भांडी, शिधा घेऊन आळंदी ते पंढरपूर. २०१९ ची वारी ही त्याची शेवटची. २०२० आणि २०२१ साली पायी वारी झाली नाही. माउलींच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या. त्याच काळात वडील वैकुंठवासी झाले. २०२२ ला दिंडी पुन्हा निघाली, पण मी गेलो नाही. कारण दर वर्षी नवं सापडायचं.

टेम्पो पत्र्याखाली उभा. दसऱ्याला धुवायचा, हार घालायचा, ट्रॅक्टरची बॅटरी लावून पाच मिनिटं चालू करायचा. मला वाटे, गाडी जपली.

यंदा दिंडीप्रमुखांनी विचारलं, "टेम्पो निघेल का?" मी मिस्त्रीला बोलावलं. म्हटलं, "तेल नवंच आहे. शेवटच्या वारीहून आल्यावर वडिलांनी बदललं. त्यावर गाडी चाललीच नाही."

"काका, चालली नाही म्हणूनच खराब झालंय."

त्याने पट्टी काढली. पातळी बरोबर! मग वरचं झाकण उघडून आतली बाजू दाखवली. दुधाच्या चहासारखा चिकट थर. "हे पाणी आहे. चावी लावू नका."

माउली, पाणी आलं कुठून? डिझेल जळताना पाण्याची वाफ तयार होते. तिचा थोडा भाग पिस्टनच्या रिंगांजवळून खाली चेंबरमध्ये उतरतो. गाडी दिवे घाट चढली, इंजिन नीट तापलं, की ती उडून जाते. पाच मिनिटांत इंजिन नुसतं कोमट होतं. वाफ थंड होऊन तेलातच राहते. म्हणजे दर दसऱ्याला मीच तेलात पाणी घालत होतो.

तेलात मळ धरून ठेवणारी, आम्ल मारणारी, गंज रोखणारी द्रव्यं असतात. हवा आणि ओल लागून ती हळूहळू संपतात. मग आम्ल बेअरिंगचा धातू खातं, मळाचा गाळ होतो. उभ्या गाडीत तेल ओघळून खाली जातं, वरचे भाग कोरडे पडतात. अशात चावी फिरवली, की लोखंडावर लोखंड घासतं.

रात्री झोप आली नाही. गळ्यात माळ होती, आषाढीचा उपवास होता, मोबाइलवर दर्शन होतं. रोजचा हरिपाठ मात्र सुटला होता. वडिलांनी भरलेलं अजून पातळीवर आहे, या भरवशावर मी बसलो होतो.

मिस्त्रीने चेंबरचा नट काढला. काळं, दाट तेल आलं, शेवटी गाळ. नवा फिल्टर, नवं तेल. सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडून इंजिन आधी पान्याने हाताने फिरवलं. मग डिझेल बंद ठेवून स्टार्टर मारला, तेलाचा लाल दिवा विझेपर्यंत. त्यानंतरच चालू केलं. जाताना म्हणाला, "थोडं चालवून हे तेलही काढा. नवं तेल जुना मळ सोडवतं."

त्याच संध्याकाळी हरिपाठाला बसलो. पहिले आठ दिवस मन नको तिथे धावलं, वडिलांचा राग आला, रडूही आलं. सोडून द्यावंसं वाटलं. मग मिस्त्रीचं बोलणं आठवलं. मळ सुटत होता.

तुमच्या दिंडीची गाडी वारीनंतर वर्षभर उभी राहत असेल, तर एवढं करा. चालली नाही तरी वर्षाने तेल आणि फिल्टर बदला. पूजेपुरती चालू करू नका. काढलीच तर इंजिन पुरतं तापेल इतकी रस्त्यावर फिरवा. फार वर्षं उभी असेल, तर आधी तेल बदला, मग चावी.

आमच्या टेम्पोचं दुसरं तेल काल बदललं. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीत असू. भेटलात तर हाक मारा.