बाभुळगावची भुलाबाई

मुंबईहून नागपूरकडे निघालेल्या माणसाला बाभुळगाव वाटेत लागत नाही. ते मुद्दाम गाठावे लागते. धामणगावला गाडीतून उतरायचे, यवतमाळची एस. टी. धरायची आणि दोन्ही बाजूंची पऱ्हाटी पाहत बसायचे. यवतमाळ जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव. नावातच बाभूळ असल्यामुळे सावलीची फार अपेक्षा धरू नये. स्वातंत्र्यलढ्यात उतरलेले आणि पुढे 'लोकमत' दैनिक काढणारे जवाहरलाल दर्डा १९२३ साली इथेच जन्मले. तालुक्यात खडकसावंग्याजवळ बेंबळा नदीवर मोठे धरण आहे. पाहुण्याला सांगण्यासारखे एवढे सांगून झाले, की गावकरी चहा टाकायला आत जातात.

मी मामेभावाकडे गेले ती मात्र भुलाबाईच्या महिन्यात. पुण्याकडच्या मुलींचा जसा भोंडला, तशी वऱ्हाडातल्या मुलींची भुलाबाई. भाद्रपदी पौर्णिमेला भुलाबाई आणि भुलोजी यांच्या मातीच्या मूर्ती मांडायच्या आणि कोजागरीपर्यंत रोज संध्याकाळी घरोघर गाणी म्हणायची. शेवटी खिरापत. झाकलेला डबा वाजवून दाखवायचा आणि आत काय आहे ते पोरींनी ओळखायचे. ओळखता आले नाही, तर यजमानीण बाईला केवढा आनंद!

पहिल्याच संध्याकाळी एका गाण्याने मी चमकले. त्यातली भुलाबाई सासरी रुसून एस. टी.ने माहेरी निघाली होती आणि भुलोजी तिला मोबाइल लावता लावता रेंज शोधत धुऱ्यावर चढले होते. पोरी हसून हसून टाळ्या चुकत होत्या.

"हे गाणं कुणाचं गं?" मी विचारले.

"काकूचं!"

काकू म्हणजे आमच्या वहिनी. थोरली मुलगी सहा वर्षांची. धाकटा दीड वर्षाचा, आणि घरातली प्रत्येक वस्तू तोंडात घालून पाहिल्याशिवाय ती खरी आहे असे न मानणारा. दोन लेकरे, सासूबाई, सकाळचे दोन डबे, भावाचे दुकान, आणि वर माझ्यासारखी पाहुणी. या सगळ्यात बाई गाणी करते कधी?

"करत नाई ताई, होऊन जाते," वहिनी म्हणाल्या. "पोया लाटतानी एक ओळ. याले निजवतानी एक."

"आणि लिहून कुठे ठेवता?"

"लिवाले कायले पायजे? संध्याकाळी पोरींले शिकवली का झालं. त्यायच्या डोक्यात राह्यते."

चार दिवस मी पाहत होते. सकाळी तव्यापाशी ओळ जुळायची. मध्येच धाकटा वेणी ओढायचा, दूध उतू जायचे, दारात कुणीतरी हाक मारायचे. वहिनी ओळ जिथल्या तिथे सोडून उठत आणि त्याचे त्यांना काही वाटत नसे. काम एका ओळीएवढे असले म्हणजे ते फारसे अर्धवट राहत नाही. संध्याकाळी परीक्षा. "आई, इथं टाळी चुकते," असे थोरली बजावायची आणि शब्द बदलायचा. संपादकाने इतक्या तत्परतेने सुधारणा सुचवल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

अंगणात तुळशीजवळ जाते पडून आहे. त्याच्याकडे बोट दाखवून मी मामींना विचारले, "तुम्हीही गात होता ना?"

"मंग?" मामी म्हणाल्या. "लेकरू मांडीवर, हात खुंट्यावर. तोंड तेवढं मोकळं. गाणार नाई त काय करू?"

जात्यावरची ओवी बहुधा दोन ओळींत पुरी होते. ओवीचे हे माप मला त्या क्षणी उमगले. पहाटेच्या अंधारात, लेकरू जागे व्हायच्या आत, वैरणीच्या एका मुठीबरोबर जेवढे सांगून होईल तेवढे सांगायचे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी १९८० नंतरच्या दशकांत महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्याही गाणाऱ्या बाईच्या नावा-गावासह. तिकडे आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी गाणी टिपून ठेवली, म्हणून १९५१ साली त्या गेल्यावर १९५२ साली पुस्तक निघाले. मामींच्या ओव्या मात्र कुणी टिपल्या नाहीत. "जातं गेलं थे बरंच झालं," असे म्हणून त्या खांदा चोळतात. कष्टामुळे कविता सुचते असे शहरात बसून म्हणणाऱ्यांना तो खांदा दाखवावा.

चौथ्या दिवशी दुपारी, धाकट्याला झोळीत झोके देता देता, वहिनी हळूच म्हणाल्या, "अजून एक गानं हाय, ताई. माह्या मायचं. याच्या जन्माच्या अगुदरपासून तीन कडव्यांवर अडलं हाय. थे पोरींचं नाई. त्याले बसा लागते."

मग त्यांनी ती तीन कडवी म्हणून दाखवली. त्यांत हसू नव्हते, टाळीही नव्हती. शेवटच्या कडव्याशी त्या थांबल्या आणि झोळी हलवत राहिल्या.

पोळीबरोबर एक ओळ होते. भुलाबाई होते. पण काही गोष्टींना सलग तास लागतो, आणि लहान मुलाच्या आईला तो सापडत नसतो. तो कुणीतरी काढून द्यावा लागतो. भावाला रात्री ते गाणे ऐकवले, तेव्हा तो मनापासून "छान" म्हणाला. "छान" म्हणायला लेकरू कडेवर घ्यावे लागत नाही!

मामी कोपऱ्यात वाती वळत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी चार वाजता मात्र नातवाला उचलून त्या ओसरीवर गेल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "पाच वाजेलोक हा माहा. तू बस."

वहिनी आधी भांडी घासायला निघाल्या. मामींनी ओसरीवरूनच ओरडून त्यांना परत बसवले.

आपल्या शहरातल्या घरी मूल झोपले की आई कपाटातून विणकाम, रंगांची पेटी किंवा वही काढते, आणि पाचच मिनिटांत मूल उठते. तिने वेळेचे नियोजन कसे करावे यावर हल्ली पुष्कळ लिहून येते. मूल कुणी घ्यावे यावर त्या मानाने कमी येते. फराळाचे करताना एखादी ओळ तिला सुचेलच. पण कपाटातल्या वहीला बाभुळगावच्या मामींसारखे कुणीतरी हवे.

मी निघाले तेव्हा मायच्या गाण्याचे चौथे कडवे झाले होते. मामींनी दुपारचा तास कायमचा आपल्याकडे घेतला आहे. रविवार भावाला नेमून दिला आहे. त्या दिवशी दुकान बंद असते, ही सबब त्याला आता उलटी लागू पडते.