दिवस कोठून मोजावे?

गेल्या चातुर्मासात माझी पुतणी वासोण्यास आमच्या घरी चार दिवस राहावयास आली होती. ती वैद्यकाची विद्यार्थिनी. गर्भावस्थेत रक्त कसे घडते आणि सिकलसेल हा आनुवंशिक विकार त्यात कोठे शिरतो, यावर तिला निबंध लिहावयाचा होता. दादरा-नगर हवेलीच्या आदिवासी समाजात हा विकार आढळतो. तेव्हा विषय घरचाच. आरंभी आपल्या ग्रंथांतील गर्भवर्णनाचा उल्लेख असावा, अशी तिची इच्छा. मी देवळात पोथी सांगतो, म्हणून तिने आधीच विचारले होते आणि मी बेधडक सांगून टाकले होते, की भागवतात म्हटले आहे, एका रात्रीत कलल, सात रात्रींत बुद्बुद.

“काका, स्कंध कोणता? अध्याय?”

मी मोठ्या दिमाखात तिसरा स्कंध उघडला. एकतिसाव्या अध्यायात कपिलमुनी देवहूतीला गर्भाची गती सांगतात. तेथे बुद्बुदाला पाचच रात्री! सात रात्री आहेत त्या गर्भोपनिषदात. मस्तकही भागवतात पहिल्या महिन्यात, उपनिषदात दुसऱ्या. कित्येक वर्षे मी दोन ग्रंथांची खिचडी वाढीत आलो होतो आणि श्रोते ती प्रसाद म्हणून घेत होते.

मी ओशाळलो. ती मात्र हसून म्हणाली, “आमच्याकडेही असेच असते, काका.” इन्ग्रॅम यांनी १९५७ साली दाखविले, की या विकारात रक्तातील प्रथिनाच्या साखळीत ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. जुनी पुस्तके हे स्थान सहावे म्हणतात, नव्या नोंदी सातवे. कारण पुढे गळून पडणारा पहिला मणीही आता मोजतात. मॅक्युसिक यांची आनुवंशिक विकारांची सूची १९६६ साली ग्रंथरूपाने निघाली. आज ती संगणकावर आहे आणि तीत या जनुकाचा क्रमांक १४१९०० आहे. नोंदी सतत सुधारल्या जातात, म्हणून पुतणी क्रमांकापुढे पाहिल्याची तारीख घालते, जनुकाच्या संदर्भपाठाची आवृत्ती लिहिते, आणि सूचीने ज्या मूळ शोधलेखाचा हवाला दिला असेल तो स्वतः वाचल्याखेरीज उद्धृत करीत नाही. पोथी सांगणाऱ्या मला एवढी शिस्त कोणी लावली नव्हती!

“एवढा काटेकोरपणा कशाला?” मी विचारले.

तेव्हा ती गंभीर झाली. आईबाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक खेपेस चारांत एक अपत्य रोगी होण्याचा संभव. गर्भाची तपासणी अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास करता येते. परंतु प्रसूतितज्ज्ञ आठवडे मोजतात शेवटच्या पाळीपासून, गर्भशास्त्राची पुस्तके गर्भधारणेपासून. दोहोंत सुमारे दोन आठवड्यांचे अंतर. गर्भशास्त्रातला आकडा कोणी तसाच उचलला, तर एखाद्या जोडप्याची वेळ हुकावयाची. जन्मानंतरही सुमारे सहा महिने गर्भावस्थेतील रक्तद्रव्य मुलाला सांभाळते. आजार मागाहून उघडा पडतो.

पाचव्या-सहाव्या दिवशी गर्भात खरोखरच द्रवाने भरलेली पोकळी होते, हे तिच्या पुस्तकात पाहून मला मोह झाला. “हे लिही की!” मी म्हणालो. तिने मान हलविली. “मग महिन्याच्या मस्तकाचे काय करायचे? जुळेल तेवढेच घ्यायचे का?”

पुढल्या एकादशीस मी श्रोत्यांपुढे चूक कबूल केली. पुढे बसलेल्या एका वृद्ध बाईंनी विचारले, “मग बुवा, आम्ही घरी सुनांना काय सांगायचे? पाच की सात?” मी दोन्ही ग्रंथांची नावे सांगितली आणि अध्यायाचा आकडा त्यांना पुन्हा एकदा म्हणून दाखविला.