'उपचार पूर्ण' म्हणू नका

तिच्या नावासमोरच्या रकान्यात 'उपचार पूर्ण' असं लिहिलं गेलं, ते मला अजून सहन होत नाही. मी तो रकाना कोरा ठेवला होता. अहवाल वर जाताना कुणीतरी भरला. मी विचारलं तर उत्तर आलं, "गर्भपिशवीच काढलीय ना, मग आता राहिलं काय?"

बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका उपकेंद्रात मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. गावातली निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीला टोळ्या निघतात, त्या उन्हाळा लागल्यावर परततात. तिशीच्या पुढच्या बायकांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी करायची, हे केंद्राने २०१६ सालीच ठरवून दिलंय. आमचं प्रशिक्षण झालं ते मॉडेलवर. खऱ्या बाईला जंतुसंसर्ग असतो, ती आखडून घेते, बाहेर सासू उभी असते.

म्हणून व्हिडिओवरचं मार्गदर्शन सुरू झालं तेव्हा मला फार आधार वाटला. ही पद्धत अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ साली हिपॅटायटिस सी साठी सुरू केली. तज्ज्ञाने खेड्यात यायचं नाही, खेड्यातल्या माणसाने आपली केस घेऊन तज्ज्ञासमोर बसायचं. नोएडाच्या राष्ट्रीय कर्करोग प्रतिबंध व संशोधन संस्थेनेही याच पद्धतीने प्रशिक्षण दिलं आहे. आमच्या गटात समोर स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम आणि एक पॅथॉलॉजिस्ट सर असायचे. रेंजसाठी मी शाळेच्या गच्चीवर बसायचे. तिथे शिकले ते असं: गर्भाशयमुखाला पाच टक्क्यांचं ॲसेटिक ॲसिड लावून घड्याळात पुरतं एक मिनिट थांबायचं, मग बघायचं. प्रत्येक पांढरा डाग धोक्याचा नसतो. जाड, स्पष्ट कडा असलेला, दोन आवरणं जिथे मिळतात त्या रेषेला चिकटलेला डाग महत्त्वाचा. पुस्तकात वाचलेलं हे वाक्य मला दिसायला लागलं ते मॅडमनी माझ्याच पेशंटच्या फोटोवर बोट ठेवून दाखवलं तेव्हा.

जिच्या नावासमोर ते दोन शब्द लिहिले गेले, ती बत्तीस वर्षांची. अंगावरून पांढरं जातं म्हणून आली होती. "जे काय ते टोळी निघायच्या आत सांगा," म्हणाली. डाग होता. तिची परवानगी घेऊन, चेहरा न येऊ देता काढलेला फोटो मी बैठकीत दाखवला. मॅडम म्हणाल्या, डाग लहान आहे, आतल्या नळीत शिरलेला नाही, कर्करोगाचं लक्षण दिसत नाही. थर्मल ॲब्लेशन चालेल. म्हणजे तापवलेल्या टोकाने तेवढा भाग जाळायचा. काम मिनिटभराचं, भूल लागत नाही, बाई त्याच दिवशी घरी जाते.

त्यासाठी लागणारं मशीन माझ्याकडे नाही, आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही नाही. चिठ्ठी देऊन तिला पुढच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. मशीन होतं, ते चालवणारे डॉक्टर दुसऱ्या कामावर होते. पुन्हा पाठवलं, तर तिला तारीख मिळाली. दिवाळीनंतरची. मी फोन करून सांगितलं, ही बाई दिवाळीनंतर इथे असणार नाही. पलीकडून उत्तर आलं, "मग उन्हाळ्यात या म्हणावं." मी नवऱ्याशी बोलले, मुकादमाशी बोलले. उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, घेतलेली होती. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. एकटा नवरा गेला तर अर्धा कोयता आणि हिशेबात तोटा. मुकादम म्हणाला, "सिस्टर, ट्रक तुमच्या तारखेसाठी थांबत नसतो." मी त्याच्यावर चिडले, पण तारीख त्याने दिलेली नव्हती.

ती टोळीबरोबर गेली. कारखान्याच्या भागात तिचं पोट दुखायला लागलं. ती तिथल्या एका खासगी दवाखान्यात गेली आणि जवळ जपून ठेवलेली माझी चिठ्ठी तिने दाखवली. चिठ्ठीवर तपासणी पॉझिटिव्ह लिहिलं होतं. तिला सांगितलं गेलं की हा कॅन्सर आहे, पिशवी काढावी लागेल. पैसे मुकादमाने दिले, उचलीत वाढवून.

बीडमधल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. २०१९ साली त्यावर विधिमंडळापर्यंत चर्चा झाली. पिशवी काढण्याआधी परवानगी घेण्याचा नियमही जिल्ह्यात आला. पण टोळी जिल्ह्याबाहेर जाते, नियम इथेच राहतो.

ती परतल्यावर मी केस पुन्हा बैठकीत मांडली. पॅथॉलॉजिस्ट सरांनी पहिला प्रश्न विचारला, काढलेला भाग तपासायला पाठवला होता का? नव्हता. अंडाशय ठेवले की काढले? तिच्याकडे एक बिल आहे, बाकी कागद नाही. म्हणजे तो डाग काय होता हे आता कधीच कळणार नाही, आणि तिला पुढेही तपासत राहावं लागेल. जागतिक आरोग्य संघटनेचं २०३०चं उद्दिष्ट तीन आकड्यांत आहे: ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के बायकांची तपासणी, आजार निघालेल्या ९० टक्के जणींवर उपचार. त्या शेवटच्या नव्वदात हिला मोजू नका.

शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, सव्वा लाखाहून अधिक बायकांवर अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी होतात, हे २००९ साली जगाला त्यातून कळलं. आज जागतिक आरोग्य संघटना हीच चाचणी आधी करा म्हणते. माझ्या उपकेंद्रात ती अजून नाही.

मध्ये मी ठरवलं होतं, उपचार हाताशी नसेल तर तपासायचंच नाही. बायकांच्या हातात भीतीची चिठ्ठी कशाला द्यायची? मग पन्नाशीच्या एका बाईचा फोटो पाहून मॅडम म्हणाल्या, थांबू नका, उद्याच पाठवा. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात तिला किरणोपचार मिळाले. ती आज शेतात जाते. त्यामुळे मी तपासणी सोडलेली नाही, आणि तरी माझं पहिलं म्हणणं चूक होतं असंही मला वाटत नाही.

माझ्यासारख्या सिस्टरना एवढंच सांगते: वय लिहिण्याआधी टोळी कधी निघणार ते विचारा. कर्करोगाचं लक्षण दिसत नसेल तर चिठ्ठीवर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहा: हा कॅन्सर नाही, पिशवी काढू नका. आणि बैठकीत तज्ज्ञांच्या शेजारी मशीन पाठवण्याचा अधिकार असलेला माणूसही बसवा. मागच्या वेळी मी केस मांडली नाही, मागणी मांडली. मशीन आणि डॉक्टर भाद्रपदात आठवडाभर तालुक्याला द्या, गाव तेव्हा भरलेलं असतं. मॅडमनी लगेच होकार दिला. पण मशीन मॅडमच्या हातात नाही.