आधी आईची धार

आमच्या शेवऱ्या वळूच्या लेकी यंदा माजावर यायला लागल्या आणि वळू बदलायची वेळ आली. बापाकडूनच लेक फळली तर वासरात अंतःप्रजननाचं प्रमाण थेट 25 टक्क्यांवर जातं. मग वासरं खुरटतात, गायी उलटायला लागतात. आम्ही उदगीरकडचे, देवणी गायी सांभाळणारे. गोठ्यात धारा मी काढते, म्हणून वळू पारखायलाही मीच पुढं असते.

मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेत वळू कसे पारखले जातात ते आमच्या भागात सगळ्यांनी पाहिलंय. भरदार वशिंड, लोंबती पोळी, रंगवलेली शिंगं. देवणीत रंगावरही लोकांचा भारी जीव. बालंक्या सगळा पांढरा, वानेऱ्याच्या तोंडावर दोन्ही बाजूंना काळेपण, शेवऱ्याच्या पांढऱ्या अंगावर काळे डाग. तिन्ही देखणेच. पण वळूला कास नसते. त्याच्या लेकी किती दूध देतील हे त्याच्या अंगावर कुठंच दिसत नाही, ते त्याच्या आईच्या कासेत आणि बहिणींच्या वेतांत शोधावं लागतं. गाय वर्ष-सव्वा वर्षाला एक वासरू देते. वळू अख्ख्या गोठ्याची पुढची पिढी ठरवतो.

शेजारच्या तालुक्यात दोन दाती वानेरा गोऱ्हा असल्याचं कळलं. आमचे मालक आणि मी मुद्दाम धारेच्या वेळेला गेलो. घरचे आप्पा गोऱ्हा सोडायला निघाले, तर म्हटलं, "गोऱ्हा मागून बघू आप्पा, आधी त्याची आई दाखवा."

"बाई, इकायचाय गोऱ्हा. गाय न्हाई इकायची."

"म्हणूनच म्हणते."

गाय तिसऱ्या वेताची निघाली, हे बरं झालं. पहिलारू गायीवरून नीट अंदाज येत नाही, तिचं दूध पुढच्या वेतांत वाढायचं असतं. विचारून मी स्वतः धारेला बसले. पाय बांधावे लागले नाहीत. चारही सड सारखे, मुठीत नीट येणारे. वासरानं दोन ढुसण्या दिल्या आणि तिनं पान्हा सोडला. दोन वेतांतलं अंतर विचारलं, चौदा महिने. त्याच गावात विकलेली गोऱ्ह्याची बहीणही जाऊन पाहिली. ती लाथाळ असती तर मी गोऱ्हा सोडून दिला असता, कारण स्वभाव रक्तातून उतरतो आणि धार काढणाऱ्या बाईला तो रोज सोसावा लागतो.

मग गोऱ्हा पाहिला. सरळ चाल, मिटलेले खूर, दोन्ही वृषण सारखे आणि भरलेले. वृषण मोठे असलेल्या वळूच्या लेकी लवकर माजावर येतात, हे आमच्या डॉक्टरांनी समजावलेलं. सांसर्गिक गर्भपाताची रक्ततपासणी झाल्याशिवाय इसार देणार नाही म्हटल्यावर आप्पा थोडे दुखावले. पण हा रोग शिरला की गायी पाच महिन्यांनंतर गाभ टाकतात, आणि माणसालाही ताप धरतो. इथं भीड धरून चालत नाही.

घरी कालवडींची निवड जास्त जड गेली. सगळ्यांत देखणी कालवड एका गोऱ्ह्यासोबत जुळी जन्मलेली, आणि मामंजींचा तिच्यावर फार जीव. अशी कालवड बहुधा वांझ निघते; पोटातच जुळ्या गोऱ्ह्याचं रक्त तिच्यात मिसळतं आणि तिची गर्भपिशवी नीट घडत नाही. तिला पैदाशीत धरली नाही. ज्यांच्या आया वेळेवर गाभण राहतात, त्याच कालवडी वहीत उतरवल्या.

तपासणी निर्दोष आली, इसार दिला. जुना शेवरा दोन तालुके पलीकडच्या एका गोठ्यात देतोय. तिथं त्याच्या रक्ताचं एकही जनावर नाही, आणि तो अजून जवान आहे.