चिखलातील शर्यत

लातूर जिल्ह्यातील देवणी हे गाव तेथील काळ्या-पांढऱ्या देखण्या गोवंशामुळे दूरवर ओळखले जाते. या भागातील काळी माती कसदार खरी, परंतु मृगाचा पाऊस पडला की ती सायकलस्वाराची परीक्षाच पाहते. माती चाकाला चिकटते, मडगार्डात गच्च बसते आणि चाक फिरेनासे होते. अशा वेळी शेतवस्तीवरून शाळेला निघालेला मुलगा रडत बसत नाही. तो सायकल खांद्यावर घेतो, चिखल तुडवीत पुढे जातो आणि घट्ट वाट लागताच पुन्हा स्वार होतो.

युरोपात याच खटाटोपाचा एक खेळ झाला आहे. त्याचे नाव सायक्लोक्रॉस. रस्त्यावरील शर्यतींचा हंगाम संपला, की थंडीच्या दिवसांत तेथील सायकलपटू शेतांतून, कुरणांतून आणि रानांतून शर्यती लावतात. सुमारे तीन किलोमीटरांचा एक फेरा असतो. त्यात चिखल, वाळू, चढ, पायऱ्या आणि मुद्दाम आडव्या लावलेल्या फळ्या असतात. जेथे सायकल चालत नाही, तेथे स्वाराने उतरावे, ती उचलून धावावे आणि पुन्हा चढून बसावे, अशी या खेळाची रीत आहे.

फ्रान्समध्ये १९०२ साली या खेळाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. १९१० साली ‘तूर द फ्रान्स’ ही विख्यात शर्यत जिंकणारा ऑक्ताव्ह लापीझ याच चिखलात तयार झाला होता. १९५० साली पॅरिस येथे पहिली जागतिक स्पर्धा भरली. स्त्रियांसाठी मात्र असे दालन २००० साली उघडले.

तथापि या खेळाचे बळ केवळ जगज्जेत्यांत नाही. बेल्जमसारख्या देशात गावोगावची मंडळे तो जोपासतात. एकाच मैदानावर मुलांची, स्त्रियांची, प्रौढांची आणि नवशिक्यांची शर्यत वेगवेगळी होते. फेरा लहान असल्यामुळे प्रत्येक स्वार प्रेक्षकांसमोरून पुनःपुन्हा जातो. म्हणून सर्वांत मागे पडलेल्यालाही टाळ्या मिळतात. तो एकटा दूर रानात हरवून जात नाही.

महाराष्ट्राला ही रीत अपरिचित नाही. जत्रेतील आखाड्यात प्रथम उतरतात ती लहान मुले. त्यांच्या कुस्त्या रेवड्यांवर किंवा नारळावर लागतात. मानाची कुस्ती सर्वांत शेवटी होते. आखाड्यांच्या या परंपरेनेच महाराष्ट्राला थोर मल्ल दिले. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार हे त्यांपैकीच एक. १९६९ साली ते ‘महाराष्ट्र केसरी’ झाले आणि पुढे त्यांनी अनेक तरुण मल्ल घडविले. मोठी कुस्ती पाहावयास गर्दी जमते, पण आखाडा टिकतो तो रेवड्यांच्या कुस्त्यांमुळे.

सायकलच्या शर्यतीलाही असा आखाडा हवा. त्यासाठी फार द्रव्य लागत नाही. पीक निघालेले एखादे मोकळे रान, एक बांध, एक चढ आणि दोन फळ्या एवढे साहित्य गावात असतेच. शाळेला नेण्याची साधी सायकलही आरंभास पुरे. जिच्याजवळ ती नसेल, तिला मैत्रिणीने आपली द्यावी. सायकल दुरुस्त करणाऱ्या कारागिराने ब्रेक तपासावेत, मोठ्यांनी वाटेतील दगड-काटे वेचावेत, शिक्षकांनी फेरे मोजावेत आणि कोणी तरी मलमपट्टीची पेटी घेऊन उभे राहावे. अशा रीतीने न धावणारेही खेळाचे भागीदार होतात.

पहिल्या वर्षी कदाचित दहाच मुले येतील. त्यांपैकी कोणी तरी पहिला येईल आणि कोणी तरी शेवटचा. पहिल्याचे कौतुक आपोआप होते. गावाची कसोटी लागते ती शेवटच्याच्या वेळी. चिखलाने माखलेला तो मुलगा रेषा ओलांडीपर्यंत लोक थांबले, तर पुढच्या वर्षी तो पुन्हा येईल आणि येताना धाकट्या बहिणीलाही घेऊन येईल. लोक आधीच पांगले, तर तो घरी राहील. मग जिंकणाऱ्यालाही बरोबर धावायला कोणी उरणार नाही.