बूढापाऱ्यातील फुलांचे अंगण

रायपूरला गेलात तर बूढापाऱ्यात अवश्य डोकवा. छत्तीसगडीत पारा म्हणजे आळी. बूढा तलावाकाठची ही जुनी वस्ती. किशोरवयीन विवेकानंद १८७७ साली येथे राहावयास आले. त्यांच्याच स्मरणार्थ तलावास विवेकानंद सरोवर हे नाव मिळाले. १८५४ पर्यंत येथे नागपूरकर भोसल्यांचे राज्य होते, म्हणून मराठी माणसाला हे शहर परके वाटत नाही.

अशा दाट वस्तीत फुलदाणीपुरती बाग कुंड्यांतही फुलते. येथील काळ्या, चिकण ‘कन्हार’ मातीत पाणी साचून कंद कुजतात. म्हणून तीत वाळू व शेणखत मिसळावे. उन्हाळ्यात निशिगंधाचे कंद, पावसाच्या आरंभी शेवंती व झेंडू लावावेत. ऑगस्टमध्ये शेवंतीचे शेंडे खुडावेत.

खरी कसोटी पुढेच. देवासाठी फूल तोडणारा हात नुसत्या शोभेसाठी कचरतो. पण झेंडूचे फूल झाडावरच सुकले, की झाडाची शक्ती बी धरण्यात खर्च होते. वेळीच कापले, तर नव्या कळ्या येतात. निशिगंधाच्या खालच्या दोनतीन कळ्या उमलताच पहाटे दांडा कापावा, पाण्यात बुडणारी पाने काढावीत, पाणी रोज बदलावे. वरच्या कळ्या घरातच उमलत राहतील.

एक दांडा देवापुढे ठेवा, एक शेजारच्या आजाऱ्याच्या उशाशी. मग पाहा, तुमचे चिमुकले अंगण साऱ्या आळीचे होईल.